एकतीस नव्या सोयी

मी माऊस बोलतोय. मला ‘उंदीर’ म्हणून स्वतःच हसणारे हौशी लोक असतात, त्यांना माझा लांबूनच नमस्कार. शेपूट आहे मला, कबूल. पण उंदराची शेपूट तुटली तरी तो पळतो, माझी उपटली की मी जागच्या जागी मेलो.

आमच्या कचेरीत शाळेची पुस्तकं तयार होतात. त्यामुळे फुटक्या घागरीपासून बंद पडलेल्या घड्याळापर्यंत सगळ्यांची आत्मवृत्तं मी स्क्रीनवर वर-खाली सरकवलेली आहेत. सगळे बिचारे कसे नम्र असतात, आणि शेवटी हात जोडतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. मला हातच नाहीत. आणि ज्यांचे हात मला लागले, त्यांतल्या बहुतेकांबद्दल मला फारसा आदरही नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. पोटात लाल दिवा, वर दोन बटणं, मधे चाक. एका बाईनं डावं बटण दाबलं, उजवं दाबलं, चाक फिरवलं आणि मला पास केलं. माणसांना पास व्हायला पंधरा-पंधरा वर्षं लागतात, मला चार सेकंद लागली. त्यानंतर माझ्यात काडीचीही सुधारणा झालेली नाही, आणि कुणाला तिची गरजही वाटलेली नाही.

पहिली नेमणूक चौकशीच्या टेबलावर झाली. तिथले गृहस्थ पत्ते खेळत. लाल सत्ती काळ्या अठ्ठीवर, काळी राणी लाल राजावर. आलेल्या माणसानं काही विचारलं की माझ्यावरचा हात न काढता ते म्हणत, “आतल्या खोलीत विचारा.” आतल्या खोलीतले त्याला परत चौकशीवर पाठवत. तीन वर्षं मी हा खेळ पाहिला. दोन्ही खेळ.

मग आत नकाशेबाईंच्या माऊसचं चाक तुटलं, आणि त्यांनी मला मागून नेलं.

त्यांचं खरं नाव काही असेल, पण कचेरीत त्या नकाशेबाईच. भूगोलाच्या पुस्तकातल्या नद्या, डोंगररांगा, किनारे, बेटं, सगळं त्यांच्या हातचं. तरुणपणी त्या शाईनं काढत. मग कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्यांनी आदळआपट केली, बाईंनी एक महिना गुपचूप सराव केला आणि शाईची दौत कपाटात ठेवून दिली. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावर हात ठेवला तेव्हाच मला कळलं की आजवर मला धरलेले सगळे हात हमालाचे होते. बाई मला ढकलत नसत, नेत असत. नदी काढताना उगमापासून मुखापर्यंत एका दमात नेत, आणि वळणावर माझा वेग अशा बेतानं कमी करत की वाटे, पाणी खरंच वळतंय.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची नणंद बसे. मुद्रितं तपासायचं काम. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून नाव पडलं बेबी, ती पन्नाशीला आली तरी बेबीच. कानामागे पेन्सिल आणि जिभेवर तलवार. एखाद्या लेखकानं ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पण वहिनीवर तिचा जीव. भाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, पाच वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून दोघी एकाच घरात राहतात, एकाच डब्यातलं जेवतात आणि एकमेकींशी भांडतात.

आता मुद्द्याचं.

बाईंचा हात थरथरायला लागला, हे सगळ्यांत आधी मला कळलं. डॉक्टरच्याही आधी, बेबीच्याही आधी, आणि बहुधा बाईंच्याही आधी. एका साध्याशा ओढ्याच्या वळणावर माझ्या पोटाखाली काहीतरी थरकलं. मला वाटलं टेबल हललं. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. दुसऱ्या दिवशी परत तेच. घडी बदलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

त्यानंतर दोन वर्षं बाईंनी हे बेबी सोडून कुणालाही कळू दिलं नाही. कोपर टेबलावर घट्ट रोवायचं. मनगटाखाली जाडजूड शब्दकोश. श्वास रोखायचा, दोन थरथरींच्या मधे जो क्षणभर निवांतपणा मिळतो तेवढ्यात बोटभर रेघ ओढायची आणि थांबायचं. पूर्वी एका दमात होणारी नदी आता चाळीस दमांत व्हायची. पण व्हायची.

आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूनं होती. ती म्हणजे कोपरे.

हे नीट समजून घ्या, कारण हे समजायला कुणाकडे वेळ नव्हता. स्क्रीनच्या कडेपलीकडे बाण जाऊ शकत नाही. म्हणजे कोपरा ही भिंत असते. कोपऱ्यात बटण असलं की नेम धरावा लागत नाही. हात कितीही थरथरो, मला डाव्या खालच्या बाजूला ढकलून द्यायचं, बाण भिंतीला जाऊन टेकतो आणि तिथंच उभा राहतो. मग बटण दाबायचं. आमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या प्रणालीत सगळे प्रोग्रॅम उघडायचं मुख्य बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं, आणि खिडकी बंद करायची फुली उजव्या वरच्या कोपऱ्यात. बाई मला डोळे मिटूनसुद्धा तिथं भिरकावू शकत. दिवसभरात शेकडो वेळा भिरकावत. त्या दोन कोपऱ्यांच्या आधारावर त्यांची नोकरी उभी होती म्हणा ना.

आणि मग साहेबांना सुधारणेची लहर आली.

साहेब म्हणजे आमच्या कचेरीचे प्रमुख. माणूस वाईट नाही. पण बैठकीत कुणी ‘जुनाट’ शब्द उच्चारला की स्वतःबद्दलच बोलणं चाललंय अशी समजूत करून घेणारा. सगळ्या मशीनवर नवी प्रणाली घालायची, असं त्यांनी ठरवलं. प्रश्न एवढाच होता की आत्ता वापरतो त्या ‘आपल्या’ कंपनीची नवी आवृत्ती घ्यायची, की पलीकडच्या कंपनीची प्रणाली आणायची. कचेरीत लगेच दोन तट पडले. ज्यांना दोन्हींतलं काही ठाऊक नव्हतं ते जास्त तावातावानं भांडत होते. जेवणाच्या सुट्टीत ‘आपली’ आणि ‘पलीकडची’ यांवरून शिव्याशाप. चौकशीचे गृहस्थ ‘पलीकडची’च्या बाजूनं होते. कारण विचारल्यावर म्हणाले, “दिसायला किती सोज्वळ आहे!” जणू सून बघायला गेले होते.

तुलना करायला एक सल्लागार बोलावला. चाळिशीचा, गुळगुळीत, बुटांचा आवाज न करता चालणारा. त्यानं बैठकीच्या खोलीत दोन मशीन शेजारी-शेजारी मांडली. एकावर आपली नवी आवृत्ती, दुसऱ्यावर पलीकडची. आणि तुलनेचा कागद काढला. एकतीस नव्या सोयी.

“दोन्हीकडे माऊस एकच हवा,” तो म्हणाला, “म्हणजे तुलना न्याय्य होईल. तारेचा असला तर बरं, बॅटरीची कटकट नको.”

तारेचा मी. बाईंच्या टेबलावरून मला उचललं.

तर त्या एकतीस सोयी मी स्वतः, पोटानं सरपटत, दोन्हीकडे तपासलेल्या आहेत. माझ्याइतका अधिकार त्या खोलीत कुणालाच नव्हता आणि मला कुणीच विचारलं नाही. म्हणून आता सांगतो.

आपल्या नव्या आवृत्तीत खिडक्यांचे कोपरे गोल केलेत. “त्यामुळे वापरणाऱ्याला आपुलकी वाटते,” सल्लागार म्हणाला. आपुलकी! माणसाला चौकोनी खिडकी आजवर टोचत होती की काय? पलीकडच्यांनी कोपरे आधीच गोल केलेले, त्यांनी या खेपेला आणखी गोल केले. असंच चालू राहिलं तर एक दिवस खिडकीचा चेंडू होईल.

मुख्य बटण कोपऱ्यातून काढून खाली मधोमध आणलं. का? मधोमध छान दिसतं म्हणून. त्यातही गंमत अशी की जसजशा फाईली उघडाव्यात तसतसं ते बटण डावीकडे सरकत जातं. म्हणजे दारावरच्या कडीनं घरात पाहुणे वाढले की जागा बदलावी, तसं. पलीकडच्यांकडे खाली चित्रांची एक रांग आहे. बाण जवळ आला की चित्रं फुगतात. दूर गेला की ओसरतात. लहान मुलांना फुगे दाखवावेत तसा तो प्रकार. शिवाय त्यांची बंद करायची खूण डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढी.

उजवं बटण दाबलं की आधी लांबलचक यादी यायची. आपल्या लोकांनी ती आटोपशीर केली. म्हणजे नेमकं हवं ते काढून टाकलं आणि तळाशी लिहिलं, ‘आणखी पर्याय दाखवा’. ते दाबलं की जुनीच यादी, जशीच्या तशी. एक पाऊल वाढवलं आणि त्याला सुटसुटीतपणा म्हणाले. पलीकडच्यांनी मेनू काचेसारखा पारदर्शक केला. मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळतात, आणि वाचणारा डोळे चोळत बसतो. सल्लागारानं आपल्याला सात गुण दिले, पलीकडच्यांना आठ. एक गुण जास्त कशाचा, तर ‘खोलीची जाणीव’. त्या खोलीत सगळ्यांत उथळ कोण होतं, ते मी सांगत नाही.

आणखी दोन सोयी होत्या. सतरावी आणि अठरावी.

सतरावी आपल्याकडची. एखादी खिडकी वरच्या पट्टीला धरून जोरात हलवली की बाकी सगळ्या खिडक्या नाहीशा होतात. परत हलवली की परत येतात. सल्लागारानं तिचं नाव ठेवलं होतं ‘हलवा आणि आवरा’. अठरावी पलीकडची. स्क्रीनवर बाण सापडेना झाला की माऊस भराभरा हलवायचा. बाण फुगून मोठा होतो, सापडला की लहान होतो. तिचं नाव ‘हलवा आणि शोधा’. “दोन कंपन्या, एकच हालचाल, दोन वेगळे विचार!” सल्लागार अगदी मोहरून सांगत होता.

मला मात्र धडकी भरली. त्या खोलीत ती कुणाला भरायला हवी होती, तर फक्त आम्हा तिघांना. मला, बाईंना आणि बेबीला.

दुपारी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर चाचणी ठेवली. एकेकानं यायचं, दोन्ही मशीनवर तेच काम करायचं. फाईल उघडायची, दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावायच्या, सगळं बंद करायचं. सल्लागार घड्याळ लावून उभा. दर खेपेला माझी शेपूट इकडून उपटायची, तिकडे खुपसायची. त्या दुपारी मी बावीस वेळा मेलो. चौकशीचे गृहस्थ सगळ्यांत जलद ठरले. पत्त्यांचा सराव कामी आला.

मग साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही या. सगळ्यांत बारीक काम तुमचं. तुम्हाला जे जमेल ते सगळ्यांना जमेल.”

बेबी पटकन उठली. “साहेब, वहिनीचं डोकं दुखतंय सकाळपासून. मी करते.”

“तू बस, बेबी,” बाई म्हणाल्या. आणि येऊन बसल्या.

आधी आपली नवी आवृत्ती. त्यांनी सवयीनं मला डाव्या कोपऱ्यात भिरकावलं. बाण भिंतीला टेकला. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी मला परत मधे आणलं, बटण हुकलं, परत आणलं, परत हुकलं. शब्दकोश नव्हता, कोपर ठेवायला टेबल उंच होतं. कशीबशी फाईल उघडली. मग नकाशाची खिडकी वरच्या पट्टीला धरून त्या डावीकडे न्यायला लागल्या, आणि हात थरथरला.

बाकी सगळ्या खिडक्या गडप.

हशा पिकला. “बाईंनी एका झटक्यात आवरलं!” कुणीतरी म्हणालं. पुढच्याच क्षणी सगळ्या परत आल्या. परत गेल्या. परत आल्या. लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, बाई गंमत करून दाखवतायत. मला धरलेला तळवा मात्र घामानं ओला झाला होता.

सल्लागार खूश. “ही सतरावी! आता पलीकडे या, म्हणजे अठरावी बघू.”

मला उपटलं, पलीकडे खुपसलं. बाईंनी माझ्यावर हात ठेवला मात्र, आणि स्क्रीनवरचा बाण फुगायला लागला. बोटाएवढा झाला. वितीएवढा झाला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरही तेच दिसत होतं. खोलीतल्या सगळ्या माणसांसमोर एक प्रचंड काळा बाण जागच्या जागी थडथडत होता.

“पाहिलंत? आता हलवणं थांबवा, बाई,” सल्लागार म्हणाला, “म्हणजे तो लहान होईल.”

बाण तसाच.

“थांबवा ना, बाई.”

“थांबत नाही,” बाई म्हणाल्या.

अगदी साध्या आवाजात. ‘खिडकी लावा जरा’ म्हणावं तशा. हसणारी तोंडं एकेक करून मिटली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना. मी तुम्हाला आधीच सांगितलं की या लोकांबद्दल मला आदर नाही. त्या दिवशी जो थोडाफार शिल्लक होता तोही गेला, कारण एकानंसुद्धा पुढं होऊन माझी शेपूट उपटली नाही. तेवढं केलं असतं तरी तो बाण गेला असता. शेवटी बेबीनंच येऊन उपटली.

साहेबांनी घसा खाकरला. “किती दिवस झाले?”

“दोन वर्षं.”

“सांगायचं नाही का, बाई?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

साहेबांनी समोरचा तुलनेचा कागद उलटा ठेवला. ते म्हणाले, “तो नदीच्या मुखाचा नकाशा हातात घेतलाय, तेवढा पूर्ण करा. पुढच्या सोमवारपर्यंत. मग बघू.” मग बघू! आमच्या कचेरीत ज्याला ज्याला ‘मग बघू’ म्हटलं गेलं, त्याला पुढं कुणी पाहिलेलं नाही.

लोक उठायला लागले. तेवढ्यात बेबीनं सल्लागाराला गाठलं.

“काय हो, तुमच्या त्या एकतीस सोयींत न थांबणाऱ्या हातासाठी कितवी?”

त्यानं कागद चाळले. इकडून चाळले, तिकडून चाळले. “ते... वेगळ्या विभागात येतं. मी तुलनेत घेतलेलं नाही.”

“का नाही घेतलं?”

“दोन्ही कंपन्यांकडे साधारण सारखंच असतं ते, बरीच वर्षं. फरक नसला की तुलनेत धरत नाहीत.”

बेबी त्याच्याकडे पाहतच राहिली. चुकीचा शब्द सापडल्यावर पाहते, तशी. “म्हणजे आहे?”

“असतं काहीतरी,” तो म्हणाला आणि आपले बिनआवाजाचे बूट घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी परत बाईंच्या टेबलावर आलो, आणि बेबी शेजारी स्वतःच्या तसल्याच जुन्या मशीनसमोर बसली. कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली आणि मशीनच्या मांडणीची, म्हणजे सेटिंगची, सगळी पानं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मुद्रित तपासावं तशी. एक ओळ गाळायची नाही. मधेमधे शेरे चालू. “‘वैयक्तिकृत’ म्हणे! कुणी लिहिलंय हे? ह्याच्या मास्तरांना फटके द्यायला हवेत.” बाई शेजारी बसून मुखाचा नकाशा काढायचा प्रयत्न करत होत्या. समुद्राला मिळताना नदीचे सात फाटे फुटतात, आणि मधे लहान-मोठी बेटं. दिवसभरात एक फाटा झाला, तोही दातेरी.

“राहू दे, बेबी,” बाई म्हणाल्या. “व्हायचं ते झालंय. माझं काय आता वय आहे का हे?”

“वहिनी, तू गप्प बस. मी तपशिलांच्या पानावर आहे.”

दुसऱ्या दुपारी ती एकदम थांबली. “हे ऐक. ‘आकड्यांच्या कळांनी बाण हलवा.’”

“म्हणजे?”

“मला काय माहीत! मी फक्त शुद्धलेखन बघते. दाब तर खरं.”

बाईंच्या मशीनवर सोय चालू केली. बाईंनी कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर बोट नेलं आणि आठ दाबला. बाण वर गेला. दोन दाबला, खाली. चार, डावीकडे. सहा, उजवीकडे. मधला पाच म्हणजे माझं डावं बटण. शून्य दाबलं की पेन कागदावर टेकलं, टिंब दाबलं की उचललं. बोट थरथरून तीच कळ दोनदा दाबली गेली तर दुसरी मोजू नये, अशीही सोय त्याच पानावर खाली होती. कुणी नवीन शोधलेली नाही. त्या जुन्या मशीनमधे, बाईंच्या नाकासमोर, पहिल्या दिवसापासून होती. दोन वर्षं ती बाई मनगटाखाली शब्दकोश घेऊन श्वास रोखत होती आणि हे तिला कुणी सांगितलं नाही. गोल कोपऱ्यांची जाहिरात करायला गावभर फलक लागतात. ह्याचा साधा कागद दारावर चिकटवला नाही कुणी.

आणि मी? मी तिथंच होतो, कीबोर्डला चिकटून, पोटातला दिवा लावून. माझ्याशिवाय बाण हलत होता. इतकी वर्षं ज्याला जोडलेला होतो त्या मशीनच्या पोटात मला बाजूला सारायची तजवीज होती, आणि मला पत्ता नाही. सगळ्यांना नावं ठेवत आलो, तेव्हा स्वतःलाही ठेवतो. मला बाईंचा हात दोन वर्षं कळत होता, आणि मी त्यांना फक्त दातेरी रेघा काढून दिल्या.

बाईंनी बेटाची एक कडा काढली. आठ, आठ, नऊ, सहा, तीन. टाचणीच्या टोकाएवढी पावलं. रेघ दगडावर कोरल्यासारखी आली. त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला. तो थरथरतच होता. रेघ मात्र जागच्या जागी होती.

“बेबी,” त्या म्हणाल्या, आणि परत आठवर बोट ठेवलं. बेबीनं चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होती.

सोमवारी साहेबांनी नकाशा हातात घेतला. सात फाटे, तेवीस बेटं. भिंग लावून पाहिला. “रेघ फारच स्थिर आलीय. कुणाकडून करून घेतलंत?”

“आकड्यांकडून,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्यांना करून दाखवलं. साहेब उभ्यानं पाहत होते. पाच-सात मिनिटांनी बसले. मग त्यांनी स्वतः एक बेट काढून पाहिलं. ते बटाट्यासारखं आलं.

“पूर्वी तीन दिवस लागायचे तुम्हाला एका नकाशाला,” साहेब म्हणाले.

“आता पाच लागतील.”

“हं.” त्यांनी भिंग खिशात टाकलं. “बरं, मग तुमच्या टेबलावर कुठली आणायची? आपली नवी, का पलीकडची?”

“कुठलीही आणा,” बाई म्हणाल्या. “आठ वर, दोन खाली. तेवढं दोन्हीकडे सारखंच आहे.”

साहेबांनी शेवटी पलीकडची आणली. चार महिने खल करून कारण काय निघालं, तर कचेरीत पाहुणे आले की बरं दिसतं. बाई राहिल्या. पाच दिवसांना एक नकाशा. डॉक्टरांकडेही जायला लागल्या, गोळ्या चालू झाल्या. हात बरा व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. बेबीनं ते निमूट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर डॉक्टरांच्या पाटीवरची चूक दाखवली.

सल्लागार दोन वर्षांनी परत आला. नवी आवृत्ती, नवी तुलना. एकतीस सोयींच्या आता चव्वेचाळीस झाल्या होत्या. बाईंच्या कळा त्यांत नव्हत्या. फरक नाही ना!

बाईंना माझी गरज उरली नाही, तेव्हा मला बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवलं. आता तीच माझी जागा. माझं उजवं बटण अर्धं मेलंय, पोटाखालचे पाय झिजलेत. जो येतो तो मला धरून गोल कोपऱ्यांवरून फिरवतो आणि म्हणतो, “वा!” मी निमूट फिरतो. कुठलंही बटण आज जिथं आहे तिथं उद्या असेल याची मला खात्री नाही, आणि ते हलवणाऱ्यांना लाजही नाही.

त्यांना एवढंच सांगायचंय. तुम्ही आपले असा नाहीतर पलीकडचे, मला दोघेही सारखेच. तुमचे मेनू काचेचे करा नाहीतर मेणाचे, मला सोयरसुतक नाही. पण एखादं बटण उचलून दुसरीकडे ठेवाल, तेव्हा तिथं कुणाचा हात डोळे मिटून येत होता, हे आधी विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

परवा पुस्तकाच्या संपादक मंडळाला नकाशे दाखवायला बाई या खोलीत आल्या होत्या. केस पुरते पांढरे झालेत. बेबी बरोबर होती, फाईली सांभाळत. टेबलावर जागा कमी आणि त्यांना कीबोर्ड जवळ घ्यायचा होता. त्यांचा हात माझ्यावर आला. थरथर आता कोपरापर्यंत चढलीय. माझं बटण त्यांच्या बोटाखाली उगाचच दोनदा वाजलं.

“सरक रे बाबा जरा,” बाई म्हणाल्या.

सरकलो. आजवर मला लाखो वेळा हलवलंय लोकांनी, पण असं सांगून-विचारून एकदाच. येतो.